मुकुटराव पडल्यावर

१

लोक गेम खेळतात आणि खेळताना ते कसे दिसतात हे मी बघते. एवढंच माझं काम. नात्यातल्या बायकांना हे नीट समजावण्याचा नाद मी कधीच सोडला आहे. एका मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघत बसतेस?" तर हो, दुसऱ्यांची तोंडं बघत बसते.

आमची कंपनी सहा वर्षं एकच गेम बनवते आहे. सात राज्यं, एक गंजकी तलवार, आणि शेवटी लोहमुकुट नावाचा राजा. त्याला हरवलं की गेम संपला. त्याला चार हात आहेत आणि तो बोलायला लागला की चांगली धडधाकट माणसं सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात. ऑफिसात मात्र सगळे त्याला मुकुटराव म्हणतात. सहा वर्षं रोज बघितल्यावर त्याची भीती कोण बाळगणार.

गेम बाजारात जाण्याआधी बाहेरच्या माणसांना बोलावून खेळायला लावतात. त्यासाठी घरातल्या बैठकीसारखी सजवलेली एक खोली आहे. तिघांचा सोफा, दिवा, गालिचा, समोर टीव्ही. टीव्हीच्या वर भिंतीत एक लांबट काच आहे. खेळाडूला तो आरसा वाटतो, आणि काचेमागच्या अरुंद खोलीतून आम्हाला त्याचा चेहरा समोरून दिसतो. आमच्या बाजूला एक पाटी आहे: खेळाडू कितीदाही मेला तरी मदत करायची नाही. ती मीच लावली आहे, कारण न राहवून काचेवर टकटक करणारी मीच होते.

खेळ झाला की मी त्याचं रेकॉर्डिंग घेऊन बसते, आवाज बंद करून. दर सेकंदाला एक अक्षर भरायचं. हसू असेल तर ह, भीतीला भ, रागाला र, कंटाळ्याला क. रिकामा चौकोन फॉर्म घेत नाही. मुकुटराव कोसळला की पुढचं दृश्य तयार होईपर्यंत पडदा चार सेकंद काळा राहतो, आणि त्या चार सेकंदांना मी न बघताच चार क ठोकून द्यायचे. काळ्या पडद्याकडे बघून माणसाला दुसरं काय होणार? माझ्याआधी ज्या बाई हे काम करायच्या, त्याही असंच करायच्या. तोवर बत्तीस खेळाडू झाले होते.

२

एका मंगळवारी माझ्या हातून कॉफी कीबोर्डवर सांडली. रेकॉर्डिंगमध्ये मुकुटराव नुकताच पडला होता. एरवी मी बटण दाबून ते चार सेकंद पुढे ढकलते. त्या दिवशी दोन्ही हातांत रुमाल होता, त्यामुळे ते आपलं चालत राहिलं आणि मी मान वर केली.

समोर एक पोहणं शिकवणारी बाई होती, भरदार खांद्यांची. चाळीस मिनिटं ती मुकुटरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. आता ती गप्प होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. कोणाची तरी वाट बघत बसावं आणि ते माणूस दारात दिसावं, तेव्हा आपलं तोंड जसं होतं तसं तिचं झालं होतं. मग ती डावीकडे वीतभर सरकली आणि शेजारची उशी उचलून मांडीवर घेतली. बसायला जागा केली तिनं. पडदा उजळला आणि ती पुन्हा नेहमीसारखी दिसायला लागली.

मी कीबोर्ड तसाच चिकट ठेवून बाकीची एकतीस रेकॉर्डिंग काढली. पोस्टमन, दातांच्या डॉक्टरीणबाई, ट्रक चालवणारा एक दाढीवाला, सगळे. कंटाळा एकाच्याही तोंडावर नव्हता. सगळे सरकले होते, आणि सगळे डावीकडेच.

मी भित्री नाही. सोफा उतरता असेल असं वाटून मी दुसऱ्या दिवशी घरून अण्णांची पाणसळ आणली. अण्णा म्हणजे माझे वडील. सोफ्यावर ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. पडद्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल म्हणावं, तर त्या टीव्हीत काही दिसत नाही, मुद्दाम तसाच घेतलेला आहे. शेवटी मान अवघडत असेल अशी मनाची समजूत घातली आणि आवाज चालू केला.

काळोखाच्या चार सेकंदांत गेमला आवाज नाही. आवाजाचा फॉर्म भरणारी आमची ध्वनीवाली तेवढा तुकडा कापूनच टाकते. त्या शांततेत माणसं हळू आवाजात बोलत होती. ट्रकवाला म्हणत होता, "आलास?" पोस्टमन म्हणत होता, "किती दिवसांनी!" डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "बस, किती दमलीस." मी आवाज बंद केला आणि बराच वेळ हेडफोन तसेच कानावर ठेवून बसले.

३

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी अकरा वर्षं चेहरे वाचते आहे आणि माझ्या हाताला असं काही कधी लागलं नव्हतं. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मी फॉर्ममध्ये नवीन अक्षर केलं, ओ. ओळखीचा ओ. बत्तीस फॉर्ममधले क खोडून ओ केले आणि अहवाल घेऊन सरांकडे गेले.

सर म्हणजे या गेमचे दिग्दर्शक. शेवट बघताना लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून दोन वर्षं ते संगीत बदलत होते आणि लोक मात्र जांभया देत होते. त्यांनी एकामागून एक चेहरे बघितले. त्या वेळी पडद्यावर काय असतं, असं त्यांनी विचारलं. काही नसतं, मी म्हणाले. मग लोक कशाला बघतात, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की चार सेकंदांत एवढं होत असेल तर जास्त दिले तर काय होईल.

त्यांनी माझ्यासमोर काळोखाचे सेकंद ठरवणारी चौकट उघडली, चार खोडून अकरा लिहिलं आणि मला म्हणाले की हा शेवट तुझा. मी घरी जाताना अण्णांसाठी बेकरीतून केक घेतला.

४

अण्णा पाणीपुरवठा खात्यात होते. पस्तीस वर्षं शहराच्या व्हॉल्व्हच्या चाव्या फिरवल्या. कुठल्या रस्त्याखाली कुठला व्हॉल्व्ह आणि तो किती फेऱ्यांत बंद होतो, हे त्यांना अजून पाठ आहे. निवृत्त झाल्यावर आणि तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर त्यांनी हातात कंट्रोलर घेतला तो कायमचाच. आईबद्दल ते बोलत नाहीत. राक्षसांशी मात्र भरपूर बोलतात, आणि तेही खात्यातल्या हाताखालच्या माणसांशी बोलावं तसं.

साठीच्या पुढचे खेळाडू आम्हाला मिळत नव्हते. नातेवाईक चालत नाहीत असा नियम आहे, पण सरांनीच तो बाजूला ठेवला. अण्णा दर गुरुवारी दुपारी बसनं यायचे, तीन तास खेळायचे आणि मी काचेमागून बघायचे. सहा राज्यं त्यांनी पार केली होती. येत्या गुरुवारी मुकुटराव होता.

ओ कोणासाठी हे तोवर माझ्या मनात पक्कं झालं होतं. गेलेली माणसं. त्याशिवाय कोणी कोणाला इतकं मायेनं "किती दिवसांनी" म्हणत नाही. रविवारी सकाळी अण्णा दाढी करत होते आणि मी दारात उभी राहून बोलून गेले. खेळाडूला शेवट सांगायचा नाही, हा नियमही मीच लोकांना शिकवते.

"अण्णा, गुरुवारी शेवट झाला की बहुतेक आई दिसेल तुम्हाला."

त्यांनी माझी टिंगल केली नाही. वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला आणि आरशात बघतच विचारलं, "किती वेळ?"

"अकरा सेकंद."

"पुष्कळ झाले," ते म्हणाले.

५

त्याच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी, अकरा सेकंदांवर पहिला माणूस खेळून गेला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा होता, हसतमुख. बायको बाहेर खुर्चीवर विणत बसली होती. तो जिंकला, सरकला, बोलला, सगळं झालं. नंतरच्या मुलाखतीत मी विचारलं, पडदा काळा झाला तेव्हा काय वाटलं? तो म्हणाला, काळा कधी झाला? बरं, शेवटी काय दिसलं? त्यावर तो लाजल्यासारखा हसला आणि शेवट फार छान केलाय म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा बायकोनं लोकर पिशवीत टाकली आणि उठली. त्यानं तिच्यासाठी दार धरून ठेवलं. ती बाहेर पडल्यावर मान लववली आणि जिन्यानं एकटाच खाली निघाला. "नाटकं बघा याची," असं मला म्हणून ती हसत त्याच्या मागे गेली. मीही हसले.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला. फॉर्मवर माझा नंबर असतो. ती भांडायला लागली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं शांतपणे विचारलं की गेममध्ये नक्की काय होतं. मी म्हटलं, काय झालं?

"तो त्रास देत नाही हो," ती म्हणाली. "वाढलं की जेवतो. आभार मानतो माझे. रोज सकाळी विचारतो, बायको कधी येणार आहे, तुम्हाला काही कळलं का?"

दमला असेल, विश्रांती द्या, असं काहीतरी मी बोलले. फोन ठेवला, जुन्या फॉर्मवरचे नंबर काढले आणि अभिप्राय विचारण्याच्या निमित्तानं पाच-सहा घरी फोन केले. सगळीकडे साधारण तेच. खेळून आल्यावर तीन-चार दिवस जरा विचित्र वागला, आईला म्हणाला तुम्ही कोण, धाकट्या बहिणीला दारात उभं ठेवलं, आम्हाला वाटलं थट्टा करतोय. मग आपोआप ताळ्यावर आला. हे सगळे चार सेकंदांवाले होते.

म्हणजे गेलेलं कोणी येत नव्हतं. घरात जे माणूस होतं, तेच तिथं येऊन बसत होतं.

६

सरांनी ऐकून घेतलं. ऐकताना ते फोनकडे बघत होते. लिफ्टवाल्याच्या डोक्याला काही झालं असेल तर त्यात गेमचा काय दोष, म्हणाले. शिवाय गेमला आता कुलूप लागलं होतं, सोमवारपर्यंत एक ठिपकाही बदलता येणार नव्हता. मी म्हटलं, मग उद्याचं सेशन रद्द करा. साठीच्या पुढचा एकच माणूस शेवटपर्यंत आलाय, तो आपण सोडायचा? असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

संध्याकाळी घरी मी अण्णांना सगळं सांगितलं. शब्दन् शब्द, लिफ्टवाल्याच्या बायकोसकट. सांगताना माझ्याच कानाला ते वेडगळ वाटत होतं. अण्णा सदऱ्याला इस्त्री करत होते. आईला आवडायचा तो निळा सदरा.

"भिंगरी," ते म्हणाले. मला ते भिंगरीच म्हणतात, चाळिशी उलटली तरी. "तूच म्हणालीस ना ती दिसेल म्हणून?"

"मी चुकले, अण्णा. ती नसते."

"ते मी बघतो ना."

मग त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि एकदा बंद केलेला विषय ते पुन्हा उघडत नाहीत. गुरुवारी त्यांना घरातच कोंडून ठेवावं असं माझ्या मनात आलं. पण वडिलांना कोंडून ठेवणारी मुलगी मी नाही. मी ऑफिसात लवकर गेले, सरांच्या हातापाया पडायला. ते उशिरा आले, मी त्यांच्या केबिनमध्ये वाद घालत बसले, आणि तेवढ्यात अण्णा आधीच्या बसनं येऊन पोचले. ध्वनीवालीनं त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, गेम सुरू करून दिला. तिला मी काही सांगितलंच नव्हतं.

७

खेळाडूच्या खोलीत जायला दोन दारं आहेत. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून पहिलं पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि पहिलं फार सावकाश लागतं. गेमचं यंत्र आत टीव्हीखाली आहे. मी कधीही आत जाऊन ते बंद करू शकले असते. लढाई पन्नास मिनिटं चालली, वेळ भरपूर होता.

मग का गेले नाही? हे मी स्वतःला रोज विचारते. उत्तर असं आहे की चार सेकंदांनी कोणाचं कायमचं नुकसान झालं नव्हतं, हे मला कळलं होतं. आणि अण्णांनी निळा सदरा घातला होता. न जाणो, त्यांना आईच दिसली तर? मी हिशोब केला. चार मोजायचे, त्यांना तेवढं मिळू द्यायचं आणि मग धावत जाऊन बंद करायचं. दारांचा वेळ माझ्या हिशोबात नव्हता. आम्ही तिथून रोज जातो, घाई कधीच नसते, त्यामुळे त्या दारांना किती वेळ लागतो हे कोणी मोजलेलं नाही.

अण्णा मस्त खेळत होते. तीनदा मेले. "चार हात आहेत आणि कामाचा एक नाही," असं मुकुटरावाला म्हणाले. ध्वनीवाली माझ्या शेजारी बसून हसत होती. चौथ्यांदा त्यांनी घाई केली नाही, व्हॉल्व्ह फिरवावा तसे एकेक फेरी मोजून वार केले, आणि मुकुटराव गुडघ्यावर आला, वाकला आणि पडला.

काळोख झाला.

एक. अण्णांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. दोन. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि सगळा चेहरा सैल झाला. मी शाळेतून घरी आले की ते दारात जसे दिसायचे तसे दिसले, आणि मला उगाचच बरं वाटलं. तीन. ते डावीकडे सरकले.

चार. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. "आलीस का, भिंगरी? ये, बस."

मी धावले. पहिलं दार ढकललं, आत शिरले आणि ते लागायची वाट बघत उभी राहिले. दोन्ही हातांनी ओढलं तरी ते त्याच्याच चालीनं येत होतं. दुसऱ्या दाराला हाताएवढी काच आहे. त्यातून मला अण्णांची पाठ दिसत होती, मागचे पांढरे केस, आणि त्यांची मान शेजारी वळलेली. ते काहीतरी सांगत होते. सदऱ्याची बाही वर-खाली होत होती, मला गोष्ट सांगताना ते हात हलवतात तशी. मी अण्णा, अण्णा अशी हाक मारत होते. ती दारं त्यासाठीच केलेली आहेत, आत काही पोचत नाही.

खटका पडला, दुसरं दार उघडलं. टीव्हीवर पहाट झाली होती.

अण्णांनी वळून बघितलं आणि माझा चेहरा बघून ते चटकन उभे राहिले, परक्या बाईसमोर उभं राहावं तसे.

"जिंकलो वाटतं मी," ते म्हणाले. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसा ना."

८

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. तारीख, वार, उलटे आकडे, घराचा पत्ता, आई कोणत्या दिवशी गेली आणि कोणत्या वेळी, सगळं बिनचूक. शहरातल्या व्हॉल्व्हची नावं ते डॉक्टरांना म्हणून दाखवायला लागले तेव्हा डॉक्टरांनीच थांबवलं. मुलगी आहे का, असं विचारल्यावर म्हणाले, आहे ना, एकुलती एक, गेम बनवणाऱ्या कंपनीत असते. कुठे आहे? येईलच एवढ्यात. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

घरी मी माझा फोटो दाखवला. "हीच भिंगरी," ते म्हणाले, "तुम्ही ओळखता तिला?" मी फोटो गालाशी धरला. त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. माझ्याकडून काहीतरी लाजिरवाणं झालं होतं आणि ते त्यांना मला बोलून दाखवायचं नव्हतं. मग मी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, फक्त आम्हा दोघांना ठाऊक असलेल्या. त्यांनी कौतुकानं ऐकल्या. तिनं तुम्हाला बरंच सांगितलेलं दिसतंय, म्हणाले.

ते मला त्रास देत नाहीत. स्वतःचं ताट स्वतः घासतात, माझ्या खोलीचं दार वाजवल्याशिवाय आत येत नाहीत. रोज सकाळी माझी चौकशी करतात. तुम्ही इथं राहून माझं करता, तुमच्या घरचे काही म्हणत नाहीत ना, असं एकदा विचारलं.

सोमवारी कुलूप निघालं. अकराचे निदान चार तरी करा, हे सांगायला मी सरांच्या केबिनमध्ये गेले. टीव्ही चालू होता, पडदा काळा. सर त्यांच्या लांब सोफ्याच्या अगदी डाव्या टोकाला बसले होते. माझं बोलणं त्यांनी नीट ऐकलं आणि सांगितलं की अकरा कमी पडतात, ते एकवीस करणार आहेत. मग बोट ओठांवर ठेवून मला दार लावून घ्यायला सांगितलं.

९

तीन आठवडे झाले. अण्णा खिडकीशी बसून रस्त्यावर नजर ठेवतात. कोणी बाई वळणावर दिसली की अर्धे उठतात आणि पुन्हा बसतात. जेवण निम्म्यावर आलं आहे. काल त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. बराच वेळ दारातच उभे राहिले, एखाद्या साहेबाकडे रजा मागायला आल्यासारखे.

"एक विनंती होती," ते म्हणाले. "तुमच्या ऑफिसात ती भेटली होती. परत एकदा तिथं बसायला मिळेल का? शेवटचाच भाग. मी वेळ नाही घेणार फार."

नाही म्हणायला हवं होतं, हे मला कळतं. चार सेकंदांनी चार दिवस जातात, अकरांनी काय जातं ते माझ्या घरात दिसतंय, आणि एकवीस सेकंदांनी काय होईल याची कल्पना करायची हिंमत नाही. पण त्यांची दंडाची हाडं दिसायला लागली आहेत. आणि नाही म्हणून मी काय राखणार होते? मी हो म्हणाले. त्यांनी माझे आभार मानले.

आज दुपारी मी त्यांना घेऊन आले. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. सोफ्यावर बसवून, कंट्रोलर हातात देऊन मी काचेमागे आले. ध्वनीवालीला बाहेर पाठवलं. ही लढाई आता त्यांना पाठ झाली आहे, वीस मिनिटांत मुकुटराव पडला.

मी वाकून उभी होते. काचेच्या खालच्या कडेला हनुवटी टेकवली की टीव्हीकडे बघणारी नजर जवळजवळ माझ्यावर येते, हे मला इतक्या वर्षांत माहीत झालं आहे. काळोख झाला आणि अण्णांनी वर बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, असं म्हणायला वाव आहे. तोच चेहरा होता. तीन आठवडे मी त्याच्यासाठी मरत होते आणि तो माझ्यासाठी नाही हे ठाऊक असूनही मी काचेआड हसले, हात हलवला.

मग त्यांची नजर सरकली. माझ्यावरून खाली, टीव्हीसमोरच्या गालिच्यावरून सोफ्यापर्यंत, कोणी चालत यावं आणि आपण बघत राहावं तशी. ते डावीकडे झाले. उजवीकडची गादी दबली. सोफ्याची ती गादी जुनी आहे, कोणी बसलं की तिची शिवण ताणली जाऊन आतला दोरा दिसतो, आणि तो दोरा दिसत होता. मी डोळे मिटून उघडले. एकवीसपैकी किती गेले होते, मोजलं नाही.

स्पीकरमधून अण्णांचा आवाज येत होता, हळू आणि खूश.

"बरी आहेस ना? मी ठीक आहे, काळजी करू नकोस. घरी एक बाई असतात, सगळं बघतात माझं. चांगल्या आहेत. आज इथं त्यांनीच आणलं. फक्त रडतात फार. का कोण जाणे. तू विचारतेस का त्यांना एकदा?"

त्यावर तिनं काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण अण्णा ऐकत राहिले, मान हलवली, आणि मग दोघांनी मिळून बघावं तसं त्यांनी वर काचेकडे बघितलं.